वासंतीबाईंचे ठोके

"संगीत म्हणजे शेवटी मौन," असं दीनानाथ खरवंडीकरांनी जाहीर केलं आणि त्या मौनावर ते चहा निवेपर्यंत बोलत राहिले.

रविवारची बैठक होती. नियम सोपा होता. सध्या जे ऐकून ऐकून वेड लागलंय ते ज्याने त्याने घेऊन यायचं, कॅसेट असो की सीडी, आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने ऐकायचं. नियम दीनानाथांचाच. त्यातून त्यांनी स्वतःला तेवढं वगळलं होतं, कारण निरूपण कुणीतरी करायलाच हवं. घर त्यांचं, ॲम्प्लिफायर त्यांचा, तेव्हा निरूपणही त्यांचंच.

आज नम्रताने आपल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मशीनवर कॉपी केलेली सीडी आणली होती. नॉर्वेतली कुणी बाई एकटीच गात होती.

"काका, कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी सध्या हेच ऐकते. टोटल ॲडिक्ट झालेय!"

बाईंनी सूर लावला. दीनानाथांनी डोळे मिटले.

"इथे बघा हं. हा जो षड्ज तिने असा दूरवर नेलाय ना, तो आपल्याकडे..."

ठक. ठक. ठक.

पायाखालची फरशी शहारली. दीनानाथांनी डोळे उघडले.

"झालं. उठल्या वासंतीबाई."

वासंतीबाई बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहत. निवृत्त मुख्याध्यापिका. जिन्यात भेटल्या की गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं दीनानाथांकडे बघत. छताला झाडूचा दांडा ठोकणाऱ्या त्याच, याबद्दल दीनानाथांना शंका नव्हती. त्यांना जाऊन विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेजाऱ्याशी बोलून प्रश्न मिटवायची पद्धत आपल्या पेठेत नाही.

"बाई तालात ठोकून राहिली ना पण!" महिपती म्हणाला. तो यवतमाळकडचा, कारखान्यात सुपरवायझर. भजनांच्या कॅसेटी आणायचा. "समेवर येते बरोबर."

"समेवर येवो नाहीतर न येवो, महिपती. शत्रू रसिक असला तरी शत्रूच."

"काका, ॲक्च्युअली मला वाटतं की जेव्हा तुम्ही..." नम्रता म्हणाली.

"आवाज कमी करतो," दीनानाथ म्हणाले आणि त्यांनी कमी केला.

तेवढ्यात आत गेलेल्या नीरजाबाई, दीनानाथांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. खलबत्त्यात कुटलेल्या आल्याचा त्यांचा चहा मंडळात प्रसिद्ध होता. हल्ली तो जरा घशाला झोंबायचा, पण यजमानीणबाईंना सांगणार कोण?

पुढच्या रविवारी आवाज आणखी कमी झाला. त्याने एक फायदा झाला, निरूपण स्वच्छ ऐकू येऊ लागलं. ठोके मात्र वाढले.

मग दीनानाथांनी स्पीकरखाली दुमडलेली सतरंजी घातली. त्या रविवारी नीरजाबाई बहिणीकडे लोणी काळभोरला गेल्या होत्या, म्हणून चहा कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमधून आणावा लागला. तेवढं सोडलं तर बैठक अशी रंगली म्हणता! दीनानाथ सलग बोलले आणि एकही ठोका पडला नाही.

"सतरंजी!" ते विजयाने म्हणाले. "विज्ञान आहे हे."

त्याच्या पुढच्या रविवारी विज्ञान हरलं. सनईची कॅसेट लागली, निरूपणाला त्यांनी तोंड उघडलं मात्र, ठक, ठक, ठक.

महिपती खाकरला. "काका, राग नका मानू. माझ्याकडं करू ना बैठक. नवीन फ्लॅट आहे, खाली पार्किंग. ठोकणार कोण?"

"कुठे, येरवड्याला?" दीनानाथ दचकले. "लोक विचारतील, काय गुन्हा केलात म्हणून!"

सगळे हसले. दीनानाथ हसले नाहीत. येरवड्याला महिपतीचं घर, महिपतीचा टेप. मग निरूपणही महिपतीचंच. आणि आपण? कोपऱ्यात सतरंजीवर बसून मुकाट्याने ऐकायचं?

"काका, येरवडा मला ऑफिसमधून जवळ आहे," नम्रता हळूच म्हणाली. म्हणजे बहुमत झालं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात वासंतीबाई. इस्त्रीची साडी, हातात पिशवी.

दीनानाथ उसळले. "अहो बाई, याच्याहून आवाज कमी करायचा म्हणजे बंदच करायचा! एका रसिक मंडळाचा संसार मोडताय तुम्ही!"

"कमी?" वासंतीबाई आत आल्या. "वाढवा म्हणून सांगायला आलेय मी. महिनाभर खुर्ची बरोबर स्पीकरखाली ओढून, मान वर करून ऐकतेय. मान धरली माझी. त्या नॉर्वेवाल्या बाईंचं तर अर्ध्याहून अधिक गेलंच."

त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली. "जलतरंग आहे. सध्या सकाळ-संध्याकाळ हेच चालू असतं. मंडळात घेणार असाल तर लावा."

महिपतीने उठून त्यांना आपली खुर्ची दिली. येरवडा एकदम फार लांब गेला. दीनानाथांचा चेहरा उजळला.

"या, या! जलतरंग म्हणजे मुळात..."

"एक मिनिट," वासंतीबाई म्हणाल्या. "आधी एवढं सांगा. दर रविवारी माझ्या डोक्यावर ठोकतं कोण?"

मंडळाच्या इतिहासात प्रथमच खरंखुरं मौन पसरलं.

स्वयंपाकघराचा पडदा सरला. नीरजाबाई बाहेर आल्या. एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्या हातात लोखंडी बत्ता.

"बसा हो, वासंतीताई," त्या म्हणाल्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, लावा ती कॅसेट. आणि तेवढी बाजू संपेपर्यंत बोलू नका."