बाळाला बाधेल म्हणून

लेकीच्या बारशाला सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून पाळणा म्हणत होत्या. स्तनाच्या कॅन्सरसाठी त्यांचं रोज रेडिएशन चालू होतं. "ते किरण अंगात राहतात, बाळाला बाधतील," असं कुठंसं ऐकून मीच घरात सांगितलं होतं. त्यांनी वाद घातला नाही. उलट स्वतःचे कपडेसुद्धा वेगळे धुवायला लागल्या.

पुढे रेवाचं उष्टावण झालं, तेही त्यांनी लांबूनच पाहिलं. रेडिएशन संपून चार महिने झाले होते, पण माझी भीती गेली नव्हती.

रेवा आठ महिन्यांची असताना मी त्यांच्यासोबत तपासणीला गेले. "आता बाळाला घेतलं तर चालेल?" मी विचारलं.

"आता? तेव्हाही चालत होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या मशिनचे किरण अंगात राहत नाहीत. कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझी मान खाली गेली. "आमचीच ऐकण्यात चूक झाली," सासूबाई पटकन म्हणाल्या.

घरी पोचताच मी रेवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती अंग ताठ करून रडायला लागली, माझ्याकडे झेपावली.

"घे गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "सवय नाही ना तिला माझी."