पडदाभर वैष्णवी

मैनाने फोन आडवा धरून सरिताच्या नाकाशी नेला. "बघ गो, कशी भरलीय माझी वैशू!"

सरिता शेजारची. शेणव्याच्या बाजारातून घरी जाता जाता डोकावली, तर हातातली पिशवी खाली ठेवायचीही सोय नाही. खाटेवर प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेली मैना आठवडाभर आल्यागेल्याला हाच व्हिडिओ दाखवत होती. मुरबाडकडे लेकीच्या सासरी सातव्या महिन्याची ओटी भरायची ठरली आणि नेमका आईचा पाय मोडला. मग मुलगा, अनिल, एकटाच गेला आणि बहिणीचं शूटिंग करून घेऊन आला.

अनिलच्या फोनमधून चित्र चौकोनी निघायचं. आडवं धरलं की दोन्ही कडेला काळ्या पट्ट्या. मैनाला त्या पट्ट्यांचा भारी राग. एवढा मोठा फोन, आणि कडेला अंधार कशाला? म्हणून घरातला प्रत्येक व्हिडिओ अनिल कन्व्हर्ट करून, ताणून, तिला पडदाभर करून द्यायचा.

पडद्यावर वैष्णवी पाटावर बसली होती. गाल गोबरे, दंड गुबगुबीत.

"ताट असं लांबडं काय गो?" सरिताने विचारलं.

"तिकडं तशीच मिळतात." मैनाला मुरबाडच्या भांड्यांची काय माहिती असणार? पण लेकीच्या सासरचं काही वावगं निघू द्यायचं नाही, हे तिचं ठरलेलं.

"बाळंतपनाला इकडंच आनशील ना? पहिलंच हाय."

"विहीन म्हनते, तिकडंच करू. मी आज हो सांगनार हाय. पोर एवढी सुखात हाय, तर पोटुशीला कशाला हलवायची?"

एवढ्यात फोन बंद पडला. चार्जिंग संपलं. अनिल मागच्या दारी अंघोळीला बसला होता. त्याचा फोन उशाशीच होता, मैनाने तो ओढला. त्यातही वैष्णवीचा व्हिडिओ होता, एकाखाली एक, दोनदा. मैनाने खालच्यावर बोट ठेवलं.

"मेल्या पट्ट्या!" ती वैतागली. "हा पडदाभर करायचा ठेवलान वाटतं त्याने."

आणि मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

पाटावर भलतीच बाई बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली. हात उचलला की बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. तोंडावर डोळे तेवढे उरलेले.

"ही कोन?" मैनाने विचारलं. सरिता पडद्यावर वाकली.

हिरवी साडी तीच होती. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तेच. समोरचं ताट मात्र गोल होतं, आपल्या घरात असतं तसं.

"अगो बाय माझे! सरिता, ही वैशू हाय? ही माझी वैशू हाय?"

"हाय," सरिता हळूच म्हणाली.

पडद्यावर बाया गाणं म्हणत होत्या आणि वैष्णवी खात होती. तोंडातला घास गिळायच्या आत दुसरा भरत होती. पोर हौसेने खातेय, असं मैना आल्यागेल्याला सांगत आली होती.

अनिल अंग पुसत आत आला. आईच्या हातात आपला फोन बघून दारातच थांबला.

"तू काढलास ना हा? तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना तिला?"

"बघितलं."

"मग बोलला का नायस? डोळे असून आंधळी केलीस मला!"

अनिलने टॉवेल नुसताच हातात धरला. "तायनेच सांगितलं, आये. तिच्या लग्नाचं शूटिंग मी पडदाभर केलं तेव्हा ती जाड दिसली, आपन किती हसलेलो. तेच आठवलं तिला. बोलली, आयेचा पाय मोडलाय, तिला घोर नको. मला तशीच रुंद करून दाखव."

सरिताने पदर तोंडाला लावला. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला राग आला होता. विहिणीचा, अनिलचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलला आणि खाटेखाली सोडला.

"शेजारच्या कोंडूला सांग, रिक्षा काढ. मुरबाडला जायचंय."

"आता? अगं, तुला पाय लांब करून बसायला लागेल. तायला घेऊन यायचं तर ती बसल कुठं?"

"बसल माझ्या बाजूला," मैना म्हणाली. "तिला किती जागा लागते, ते बघितलंय आता मी."