दोन बोटं

"रक्त हृदयातून निघतं तेव्हा त्याला मागून धक्का असतो," मॅडम म्हणाल्या. "परत येताना मात्र त्याला कोणी वाली नसतो. म्हणून पायाला मालिश करताना हात नेहमी वर, हृदयाकडे. उलटा फिरवलात तर माझ्याशी गाठ आहे."

वर्ग हसला. थोरली हसली नाही. तिच्यासमोरच्या टेबलावर तिची धाकटी बहीण उताणी पडली होती आणि तिच्या गळ्यात निळा स्कार्फ होता. थोरलीच्या नवऱ्याने दोघींना एकेक आणला होता. थोरलीच्या वाट्याला करडा आला. मनगटावर बोटं कशी ठेवायची ते मॅडम दाखवत होत्या, तेव्हा थोरली त्या निळ्या रंगाकडे बघत होती.

दोघींनी मिळून लावलेला हा मालिशचा कोर्स संपेपर्यंत म्हणून धाकटी ताईकडे राहायला आली होती आणि तेव्हापासून घरात जेवताना हसणं ऐकू यायला लागलं होतं. इतकी वर्षं मान खाली घालून जेवणारा माणूस आता ऑफिसातल्या गमती सांगायचा. नवऱ्याचं तोंड उघडायला मेहुणी यावी लागली, हे काही थोरलीच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती जळत होती. दुसरा शब्द तिलाही सापडला नसता.

"चला, नाडी मोजा," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "पूर्ण एक मिनिट. बोलायचं नाही."

थोरलीने बहिणीचं मनगट धरलं, अंगठा दाबला आणि मोजायला लागली. धाकटीने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. नवराच होता, दोघींना न्यायला आलेला. "झालं का गं? गाडी आडवी लावलीय, मी खाली थांबतो."

"आलोच, भावोजी," धाकटी डोळे न उघडता म्हणाली आणि जराशी हसली.

विचारलं बायकोला, उत्तर दिलं मेहुणीने. दार लागलं आणि थोरलीच्या अंगठ्याखाली ठोके धडाधड पडायला लागले. मोजता मोजता तिचे दात आवळले गेले. तोंड खोटं बोलेल, रक्त खोटं कसं बोलेल? तिला चोर सापडला होता.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

थोरली बहिणीच्या कानाशी वाकली. "शनिवारी तू आईकडे जा राहायला."

धाकटीने डोळे उघडले. "या शनिवारी?"

"तिथून ये-जा कर."

"तीन तास लागतात, ताई. परीक्षा तोंडावर आलीय. कोर्सच सोडावा लागेल मला."

"मग सोड."

"पण मी केलं काय?"

"मला कळायचं ते कळलं."

मॅडम त्यांच्या टेबलापाशी आल्या. "किती?"

"एकशे दहा," थोरली म्हणाली. ते तिने जरा मोठ्यानेच सांगितलं.

"एवढी? पळत आलीस की काय गं?"

"नाही, मॅडम," धाकटी म्हणाली. "मला तर डुलकी लागत होती."

"दाखव बघू कशी धरलीस," मॅडम थोरलीला म्हणाल्या. तिने अंगठा ठेवून दाखवला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणून दोन बोटं ठेवायची, सांगून सांगून घसा बसला माझा. मघापासून तू हिची कुठे मोजलीस? स्वतःचीच मोजत बसलीस. दरवर्षी एक तरी निघतंच असं."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसलं. थोरलीचे कान तापले.

"ठेव आता दोन बोटं. हलक्या हाताने."

तिने ठेवली. आधी काहीच लागलं नाही. मग लागली. बारीक, घाईची, एकावर एक पडणारी. दार बंद होतं, नवरा केव्हाच खाली गाडीत जाऊन बसला होता. मघाशी डुलकी घेणारी नाडी आता जीव घेऊन पळत होती. धाकटी छताकडे बघत होती आणि मोकळ्या हाताने तिने चादरीची कड मुठीत धरली होती.

"आता किती?"

"जरा थांबा, मॅडम," थोरली म्हणाली. "शांत होऊ दे तिला."

मॅडम पुढच्या टेबलाकडे वळल्या.

"ताई," धाकटीने छताकडे बघतच विचारलं, "शनिवारी सकाळची बस धरू, का दुपारची?"

थोरलीने बोटं उचलली नाहीत.