अंड्याची राखण

वनरक्षकाने मेंढपाळ बाईला तिच्या सुनेदेखत माळावरून हाकललं. "माळावर जमिनीवरच अंडी घालणारे हे पक्षी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. तुझ्या मेंढ्यांनी एक जरी अंडं तुडवलं तर सरळ आत टाकीन!"

"माझ्या सासूच्या आधीपासून आम्ही इथे चारतोय. तू कालचा आलास," ती म्हणाली. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं करत माळाला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं. ती त्याला शिव्या देत कळप घेऊन टेकडीपलीकडे गेली.

चरायला कुणी नाही म्हटल्यावर दोन वर्षांत आतलं गवत कमरेएवढं माजलं. आखूड गवतात, चहूकडे नजर ठेवून बसणारी त्या पक्ष्याची मादी तिथून उडाली ती परत फिरकलीच नाही.

विणीच्या हंगामात वनरक्षक त्या मादीला शोधत टेकडी ओलांडून आला. "मावशी, इकडे पक्षी दिसला का हो?"

"मावशी कुणाला म्हणतोस? नाही दिसला. चालता हो!"

तरी तो पुढे सरकला. तिने शीळ घातली.



सगळा कळप वळला आणि त्याच्या नि अंड्यावर बसलेल्या मादीच्या मधोमध येऊन उभा राहिला.