कमानीबाहेर

“दम लागलाय की काही बोलायचंय?” किनुएबाईंनी वळून विचारलं.

“दम लागलाय, आई,” नोरिए म्हणाली आणि स्वतःवरच चरफडली. देवळाच्या पायऱ्या निम्म्याहून जास्त चढून झाल्या होत्या. आज सांगायचंच, असं घोकत निघालेली बाई ही, आणि सासूपुढे दातखीळ बसली होती.

सांगायचं होतं ते एवढंच. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा तात्सुओ ह्याच डोंगरात रानभाजी खुडायला गेला, तो परतलाच नाही. सगळ्या गावानं डोंगर पालथा घातला, पण त्याची टोपलीसुद्धा सापडली नाही. आता बसथांब्याजवळ सोबा शेवयांचं हॉटेल चालवणारा ओकुदा तिला लग्नाचं विचारत होता. विधुर होता, भला माणूस होता. पण लेक गेला हे सासूबाई मानायला तयार नव्हत्या. तो असेल तिथं उपाशी राहू नये म्हणून रोज सकाळी त्याच्या नावानं भाताची वाटी मांडायच्या, आणि बर्फ वितळू लागलं की तो सुखरूप परतावा म्हणून ह्या जुन्या देवळात यायच्या. अशा म्हातारीला ‘मी दुसरं लग्न करते’ म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

वर देवळाची दगडी कमान आली. पुढची माणसं वाकून नमस्कार करत आत जात होती. नोरिएही वाकली. आत देवासमोरच सांगून टाकू, म्हणजे सासूबाईंना आरडाओरडा तरी करता येणार नाही, असं तिनं ठरवलं आणि पाऊल उचललं.

किनुएबाईंनी तिची बाही धरली.

“कुठं निघालीस? सुतकात कुणी कमानीखालून जातं का?”

माहेरी वडील आजारी होते.

“कुणाचं सुतक? आई, फोन आला होता का? बाबा...”

“तुझ्या बापाला काय धाड भरलीय! बरा आहे तो.” किनुएबाईंनी बाही आणखी घट्ट धरली. “तात्सुओचं.”

नोरिएला रडू कोसळलं. इतकी वर्षं त्या घरात रडायचीही चोरी होती. डोळ्यांत पाणी दिसलं की सासूबाई अंगावर धावून यायच्या. आज त्या धावून आल्या नाहीत. बाहीही त्यांनी सोडली नाही.

मग त्यांनी नाक पुसलं.

“चल, घरी जाऊ. भटजींना बोलवायचंय, पोराचं सगळं रीतसर करायचंय.” दोन पायऱ्या उतरून त्या पुन्हा वळल्या. “आणि तो ओकुदा. रस्सा खारट करतो मेला, पण माणूस चांगला आहे. सुतक फिटलं की हो सांगून टाक त्याला.”