रविवारचं वाक्य

"आय ॲम गेटिंग मॅरिड ऑन संडे," निकिता म्हणाली आणि दहावीचा अख्खा वर्ग हसला.

राजेश्वरी मॅडमही हसल्या. खर्डा गावाजवळच्या एका शाळेत त्या इंग्रजी शिकवत. आज प्रत्येकाने आपला पुढचा बेत इंग्रजीत सांगायचा होता. कोणी पोलीस होणार होतं, कोणी सुट्टीत मामाकडे पुण्याला जाणार होतं. निकिता एरवी तोंड न उघडणारी पोरगी. तिने आपण होऊन हात वर केला, याचंच मॅडमना कौतुक वाटलं होतं.

कुठे चुकलं ते त्यांनी समजावून सांगितलं. पुढे काही करायचं मनात धरलं असेल तर 'गोइंग टू'. बोलता बोलता आत्ताच ठरवलं तर 'विल'. आणि निकिताने वापरलं तसं वाक्य कधी, तर दिवस पक्का झाला, पाहुण्यांना बोलावणी गेली, सगळी तयारी झाली, तेव्हाच. तुझ्या लग्नाला अजून पुष्कळ अवकाश आहे, तेव्हा 'गोइंग टू' म्हण, असं सांगून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या.

निकिता खाली बसली नाही. फळ्याकडे बघत तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. रविवारसकट.

मॅडम गोंधळल्या. हिला फरक कळला नाही, की आपल्यालाच शिकवता आलं नाही? त्यांनी फळा पुसला आणि तिन्ही वाक्यं नव्याने लिहिली. तरी पोरगी उभीच. वर्गात आता कोणी हसत नव्हतं. का हसत नाहीत, तेही त्यांना उमगेना.

"अगं, बेत सांगायचाय," त्या जरा चिडूनच म्हणाल्या. "तुझ्या मनात काय आहे ते."

"माझ्या मनात न्हाई, मॅडम," निकिता म्हणाली. "पन ठरलंय. मग कंचं वाक्य घालायचं?"

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. पोरीचं वाक्य बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. घरात जे बोलायची सोय नव्हती, ते ती धड्याच्या आडून सांगत होती आणि आपण तिचं व्याकरण सुधारत बसलो होतो.

तास अर्धवट सोडून त्यांनी मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि पोलीस निकिताच्या घरी गेले. मॅडमही गेल्या. दारात मांडव घातला होता. निकिताचा बाप, छगन, आधी आवाज चढवून बोलला. मग खाली बसला. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला गेल्यावर पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, असं त्याने मॅडमनाच विचारलं. लग्न अडवायला आलेल्या मॅडमना क्षणभर त्या बापाचंही पटलं. शेवटी खर्ड्याच्या मुलींच्या वसतिगृहात त्यांनी तिच्या राहण्याची सोय लावून दिली, तेव्हा कुठे छगनने लग्न करणार नाही असं लिहून दिलं.

सोमवारी निकिता वर्गात आली. मॅडमना हायसं वाटलं. भविष्यकाळ संपला असं सांगून त्यांनी पुस्तकातला पुढचा धडा काढायला लावला.

मागच्या बाकावरून संस्कृती नावाची मुलगी हळूच उभी राहिली.

"मॅडम, ते परत एकदा शिकवा ना," ती म्हणाली. "मला पन एक वाक्य सांगायचंय."