थ्रासोनची पांढरी कुपी

तिसरी कुपीही भट्टीत फुटली, तेव्हा देमेआसने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हातारबा, ही भट्टी आहे की थट्टा?"

"भट्टीला काय धाड भरलीय?" ठिकऱ्या गोळा करत ख्रेमोन कुंभार म्हणाला. "तुझ्या मेव्हण्यालाच जायचं नसेल."

अथेन्सच्या कुंभारवाड्यात आता सगळे हेच म्हणत होते. थ्रासोन सिसिलीच्या लढाईवर गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्या आरमारातलं माणूस क्वचितच परतत होतं. देमेआसला मेव्हण्याचे दिवस घालून बहिणीला, मेलित्ताला, बंदरावरच्या एका तेलवाल्याच्या गळ्यात बांधायचं होतं. तेलवाल्याचे दात सहा उरले होते, पण गाढवं अकरा होती. मात्र थडग्यावर ठेवायला तेलाची पांढरी कुपी लागते, आणि मेलेल्याचा सख्खा मामाच कुंभार असताना ती दुसऱ्याकडून आणली तर लोक नावं ठेवतात.

"अमावस्येपर्यंत थांबतो," देमेआस म्हणाला. "मग सरळ बाजारातून आणीन. लोक काय, बोलतातच."

तो गेल्यावर मेलित्ता आत आली. थडग्यांना बांधायच्या फिती विकून ती पोट भरायची. डाव्या हाताची दोन बोटं वळत नसल्यामुळे गाठ मारताना फितीचं एक टोक दातात धरायची. लग्नाच्या वर्षी विहिरीच्या दगडावर पडले, असं तिनं सांगितलं होतं.

"फुटली ना मामा?"

"न फुटून सांगते कुणाला."

ती कुपी दिसायला उंच, पण आत तेलापुरती इवलीशी वाटी. बाकी सगळं पोकळ. त्या पोकळीला सुईएवढं भोक ठेवावं लागतं, नाहीतर आतली हवा तापते आणि कुपी भट्टीतच फुटते. ख्रेमोन ते भोक ठेवत नव्हता. हे दोघांनाच ठाऊक होतं. पहिल्यांदा तिनंच विनवलं होतं, "मामा, एवढ्यात त्यांचे दिवस घालू देऊ नका."

तिनं विनवलं नसतं तरी त्यानं तेच केलं असतं. बहीण गेल्यावर थ्रासोनला त्यानं याच चिखलात वाढवलं होतं. आणि ज्याचे दिवस घातले, तो जिता परतला तरी मेलेलाच. मागच्या आळीतला एकजण असा परतला होता. त्याला ना देवळात घेतलं, ना घरात. बायकोनं दाराआडूनच त्याला नाव विचारलं आणि आडणा घातला. पुढे तो कुठं गेला कुणास ठाऊक.

म्हणून ख्रेमोन कुपीवर परलोकाचा नावाडी रंगवायचा, त्याची होडी रंगवायचा, पण होडीत बसणाऱ्याची जागा मोकळीच सोडायचा.

फळीवर त्याची आवडती सुरई होती. तिच्यावर मागासमोर बसलेली पेनेलोपी, वीस वर्षं नवऱ्याची वाट बघत शेला विणणारी आणि दुसरं लग्न टाळायला तो गुपचूप उसवणारी. तिला त्यानं मेलित्ताचा चेहरा दिला होता.

"मामा, ही खाली का बघते?" मेलित्तानं एकदा विचारलं होतं.

"वाट बघून बघून मान अवघडलीय बिचारीची."

"वाट बघणारं माणूस दाराकडे बघतं."

"तू मला चित्रं शिकव आता," ख्रेमोन हसून म्हणाला होता. पोरगी धीराची होती. बंदरात गलबत लागलं की न चुकता जायची, उतरणारा एकेक चेहरा निरखायची आणि परतताना ताठ मानेनं, भरभर चालत यायची. डोळ्यांत पाणी म्हणून नाही. ख्रेमोनलाच भरून यायचं.

अमावस्येला तीन दिवस उरले असताना, ऐन दुपारी, एक माणूस भट्टीपाशी येऊन उभा राहिला. नुसता हाडांचा सापळा. कपाळावर घोड्याच्या आकाराचा डाग होता, सिसिलीतले सिराक्यूजवाले खाणीतल्या कैद्यांना देतात तो.

"मामा," तो म्हणाला.

ख्रेमोनच्या हातातला कुंचला पडला. मग किती तरी वेळ तो रडतच होता. जवाची पेज पाजून त्यानं भाच्याला भट्टीमागच्या खोलीत निजवलं.

"ती कुठंय?" थ्रासोननं विचारलं.

"फिती विकायला बसलीय."

"बाजारात? कुणाला विचारून?"

"अरे, पोट विचारतं का कुणाला? पड जरा, मी तिला घेऊन येतो."

उपाशी माणूस चिडतोच, असं म्हणत ख्रेमोन निघाला. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते, पण तो जवळजवळ धावलाच. तीन वर्षांत पहिल्यांदाच आपण एखाद्याचं भलं केलं, असं त्याला वाटत होतं.

वेशीजवळच्या थडग्यांपाशी मेलित्ता एकटीच बसली होती. ख्रेमोन धापा टाकत तिच्याशेजारी टेकला आणि कानाशी वाकला.

"पोरी, जिंकलीस. थ्रासोन आलाय. माझ्या भट्टीमागं झोपलाय."

मेलित्तानं मान खाली घातली. आनंदानं वाचा बसते माणसाची, हे ख्रेमोनला माहीत होतं.

"उपासमारीनं खंगलाय," तो म्हणाला. "पण आपण कुपी होऊ दिली नाही ना, म्हणून आज त्याला त्याचं घर आहे. चल, ऊठ."

"हात धड आहेत का त्यांचे?"

"हात?" ख्रेमोनला नवल वाटलं. "हात अगदी पहिल्यासारखे आहेत गं. देवाची दया."

मेलित्तानं मांडीवरच्या फिती एकेक करून टोपलीत ठेवल्या.

"आणखी कुणी पाहिलंय त्यांना?"

"मी एकट्यानंच."

"मग मामा," ती शांतपणे म्हणाली, "कुणाला कळायच्या आत त्यांचे दिवस घालून टाका."